शेपूच्या आधीचं पाच-तीन

जिनेट : तसं नव्हे, मिस्टर मेल्निचुक. पडद्यावर पाच-तीन लिहिलंय हे मलाही दिसतंय. मी विचारतेय, हे कुठलं पाच-तीन?

ओरेस्ट : पोरी, पाच-तीन म्हणजे पाच-तीन. पाच-दोनच्या पुढचं, पाच-चारच्या अलीकडचं.

जिनेट : पाच-चार आहे कुठे?

ओरेस्ट : नाहीये. ते मी कधी केलंच नाही.

जिनेट : मग मला एक समजावून सांगा. क्रेन हिलच्या रिंकवर खेळासाठी बर्फ गोठवणारं यंत्र आहे, त्याला चालवणारा तुमचा प्रोग्रॅम आहे, व्हर्जन पाच-तीन. सोमवारी कुणीतरी बाहेरून इंटरनेटवरून त्याला एक लांबलचक संदेश पाठवला आणि ते जे गप्प झालं ते झालंच. कॉम्प्रेसर बंद. लोक येऊन बघतात तर बर्फाच्या जागी तळं. तोच संदेश ओक बेंडच्या रिंकलाही गेला. तिथेही तुमचं पाच-तीन. ते ढिम्म हललं नाही. एकच व्हर्जन, एक मेलं, एक जिवंत. कसं काय?

ओरेस्ट : ओक बेंडची माणसंच चिवट. यंत्रालाही सवय लागली असेल.

जिनेट : मिस्टर मेल्निचुक, मी प्रांताच्या संगणक-सुरक्षा कार्यालयातून आलेय. आत्ता तुमच्याच गावच्या, टॅमरॅकच्या रिंकवर, यंत्राच्या खोलीत उभी आहे. माझ्या पायांची बोटं थंडीने बधिर झाली आहेत. तुम्ही इथे आला असतात तर बरं झालं असतं.

ओरेस्ट : आलो असतो गं. पण खुबा नवा बसवलाय, जिना उतरायला बंदी आहे.

लेस्या : कोण आहे फोनवर? नर्स?

ओरेस्ट : नर्स नाही. सरकार.

लेस्या : कुठलं सरकार? स्पीकरवर टाक. हॅलो? मी लेस्या, त्याची बायको. तो काय म्हणाला त्यातलं निम्मं सोडून दे.

जिनेट : नमस्कार, मिसेस मेल्निचुक. मी जिनेट लाफ्लेश. रिंकच्या यंत्राबद्दल विचारत होते. तुमच्या मिस्टरांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक भोक सापडलंय. कुठल्या व्हर्जनमध्ये ते आहे आणि कुठल्या व्हर्जनमध्ये नाही, एवढंच मला शोधायचंय. टॅमरॅकचं यंत्र बाधित नाही असं आज संध्याकाळपर्यंत सिद्ध झालं नाही, तर मला ते बंद करावं लागेल.

लेस्या : बंद म्हणजे?

जिनेट : म्हणजे बर्फ वितळेल.

लेस्या : उद्या बायकांची कर्लिंग स्पर्धा आहे. बर्फावरून सरकवायचे दगड काय पाण्यात सरकवायचे?

जिनेट : हो. डगने सांगितलं. बर्फाचं तोच बघतो ना इथे. तो माझ्या शेजारीच उभा आहे. त्याचा चेहरा फार वाईट झालाय.

लेस्या : ओरेस्ट, सांग तिला काय हवंय ते. मी कप्तान आहे, बाळ. दर वर्षी अंतिम फेरीत जाते आणि दर वर्षी स्टेफा पिधिर्नीकडून हरते. या वर्षी स्टेफाचा खांदा दुखतोय. असं वर्ष परत येणार नाही.

ओरेस्ट : इंटरनेटची वायर उपटून टाका. बाहेरून कुणी काही पाठवणारच नाही. झालं काम.

जिनेट : त्याच वायरीवरून अमोनियाच्या गळतीचा अलार्म अग्निशमन दलाकडे जातो. वायर उपटली की दलप्रमुख येऊन दाराला कुलूप लावतात. डगने विचारून पाहिलं. ते येताना कुलूप घेऊनच येतो म्हणाले.

लेस्या : मग तो संदेश पाठवून बघ. मेलं नाही तर चांगलं आहे.

जिनेट : आणि मेलं तर बाधित होतं हे सिद्ध होईल, आणि उद्या तुम्ही पोहण्याची स्पर्धा ठेवा.

लेस्या : ही पोरगी मला आवडली. ओरेस्ट, बोल आता. एकाच नंबराची दोन व्हर्जनं कशी?

ओरेस्ट : दोन नाहीत.

जिनेट : मग?

ओरेस्ट : दोन्ही हातांची बोटं लागतील. एखाददुसरं पायाचंही.

जिनेट : अरे देवा.

ओरेस्ट : देवाला कशाला बोलावतेस, बॉयलर-इन्स्पेक्टरला विचार. अमोनियाच्या यंत्राला नियम असा, की प्रोग्रॅमचा नंबर बदलला की यंत्र नवं समजायचं. यंत्र नवं म्हटलं की शहरातून इन्स्पेक्टर येणार, रिंक बंद ठेवणार, प्रत्येक पाइपला कान लावून बसणार, क्लबाच्या पैशाने जेवणार आणि वर जेवणाला नावं ठेवणार. पाच-दोनचं पाच-तीन केलं तेव्हा मी काय बदललं होतं माहितीये? एक दिवा. हिरव्याचा निळा केला. त्या वर्षी एकाही क्लबाने मला नाताळाचं कार्ड पाठवलं नाही.

लेस्या : हे खरं आहे.

ओरेस्ट : तेव्हा ठरवलं. आत काय दुरुस्त करायचं ते करायचं, पण नंबराला हात लावायचा नाही. इन्स्पेक्टर खूश, क्लब खूश.

जिनेट : म्हणजे पाच-तीन हे त्याचं नाव नाहीच. आडनाव आहे. सगळ्या घराण्याचं.

ओरेस्ट : असंच काहीसं.

जिनेट : जुन्या प्रती असतील ना तुमच्याकडे? एकेक उघडून बघता येईल.

ओरेस्ट : नंबर एकच, त्यामुळे फाइलचं नावही एकच. नवी साठवली की जुनी पुसली जायची. माझ्याकडे फक्त शेवटची आहे.

लेस्या : खुबा नवा बसवला, डोकं तेच ठेवलं.

जिनेट : मिस्टर मेल्निचुक, तुम्ही गावोगाव दुरुस्तीला जायचात. कुठल्या गावात कुठलं पाच-तीन बसवलंय हे तुम्हाला तरी कसं कळायचं?

ओरेस्ट : ते... म्हणजे, खूण होती.

जिनेट : कसली खूण?

ओरेस्ट : हसायचं नाही.

जिनेट : मी गेला तासभर अमोनियाच्या टाकीला टेकून उभी आहे. हसण्याच्या पलीकडे गेलेय.

ओरेस्ट : वर जायचं बटण आणि पूर्ववत करायचं बटण, दोन्ही एकदम दाबून धरायची. बराच वेळ. मग पडद्यावर एक ओळ येते. तारीख टाकली असती तर इन्स्पेक्टरने पकडलं असतं. म्हणून मी प्रोग्रॅम बदलला त्या दिवशी दुपारी जे जेवलो असेन ते लिहायचो.

जिनेट : जे जेवलो...

ओरेस्ट : जेवण वाचून इन्स्पेक्टरला काय कळणार? फार तर भूक लागेल. मला मात्र बरोबर आठवायचं. अंड्याचं सँडविच म्हणजे पंपाची दुरुस्ती, बीटाचं सूप म्हणजे थर्मामीटरची.

जिनेट : थांबा. क्रेन हिलला, मेलेल्या यंत्रावर, आमच्या माणसाने चुकून काहीतरी दाबलं होतं आणि त्याला वाटलं यंत्र भ्रमिष्ट झालंय. त्याने फोटो पाठवला होता. हा. ‘अंड्याचं सँडविच.’

ओरेस्ट : म्हणजे ते फार जुनं. बिचारं.

जिनेट : ओक बेंडला फोन लावते. डग, तोवर इथली ती दोन बटणं दाबून धरा. नाही, दोन्ही. हातमोजे काढा आधी. हॅलो, ओक बेंड? हो, मीच परत. दोन बटणं दाबून वाचून दाखवा. का ते विचारू नका. ...बरं. बरं. धन्यवाद. मिस्टर मेल्निचुक, जिवंत राहिलेल्याचं नाव ‘कोबीचे रोल, गार’.

लेस्या : गार?

ओरेस्ट : तू घरी नव्हतीस.

लेस्या : गरम करायला बायको लागते का? ओव्हनचं बटण दाबता येत नाही आणि गावोगावची यंत्रं चालवतो!

जिनेट : म्हणजे अंड्याचं सँडविच बाधित, कोबीचे रोल सुरक्षित. भोक मधे कुठेतरी बुजवलं गेलं. आता टॅमरॅकचं काय ते बघू. डग, काय आलं? ...‘पेरोगी’.

लेस्या : माझे पेरोगी! आत बटाटा आणि चीज भरून उकडलेले. तेवढं तरी लिहिलंस. पण बाळ, त्याचा काही उपयोग नाही. पेरोगी मी दर गुरुवारी करते. लग्न झाल्यापासून. ते सँडविचच्या आधीचेही असतील आणि रोलच्या नंतरचेही.

ओरेस्ट : बरोबर. उपयोग नाही. पोरी, बंदच करून टाक ते यंत्र.

लेस्या : काय म्हणालास?

ओरेस्ट : सुरक्षा महत्त्वाची. स्पर्धा काय, पुढच्या वर्षीही होईल.

लेस्या : काल रात्री तर तू मला म्हणालास, स्टेफाला या वर्षी लोळव. आता अचानक सुरक्षा?

जिनेट : थांबा, थांबा. डग म्हणतोय, ओळ संपलेली नाही. पडदा अरुंद आहे, अक्षरं सरकताहेत. ‘पेरोगी, शेपू घातलेले...’

लेस्या : शेपू?

जिनेट : ‘...अप्रतिम.’

लेस्या : परत वाच.

जिनेट : ‘पेरोगी, शेपू घातलेले, अप्रतिम.’

लेस्या : सँडविचच्या पुढे ‘अप्रतिम’ होतं?

जिनेट : नाही. नुसतं सँडविच.

लेस्या : आणि रोलच्या पुढे ‘गार’.

ओरेस्ट : अगं, ते गार होतेच. मी खरं ते लिहायचो.

लेस्या : हो ना. खरं ते लिहायचास. ओरेस्ट, माझ्या घरात शेपू येत नाही. माझ्या आईच्या घरातही येत नव्हता. तो वास आला की माझं डोकं उठतं. मग हे कुठे जेवलास?

ओरेस्ट : कुठेतरी हॉटेलात असेल.

लेस्या : या प्रांतात पेरोगीत शेपू घालणारी बाई एकच आहे. चर्चच्या जत्रेत तिच्या टेबलापुढे रांग लागते आणि ती माझ्याकडे बघून हसते.

जिनेट : मिसेस मेल्निचुक, हे तुमचं घरगुती आहे, मला मधे बोलायला संकोच वाटतो. पण संध्याकाळ व्हायला आलीय, आणि मला एवढंच हवंय की हे पेरोगी भोक बुजवण्याच्या आधीचे की नंतरचे.

लेस्या : मलाही तेच हवंय. आधीचे की नंतरचे. सांग तिला. आणि मलाही.

ओरेस्ट : भोक बुजवलं त्याच दिवशीचे आहेत ते.

जिनेट : त्याच दिवशीचे! नक्की?

ओरेस्ट : ते भोक शोधलंच तिने.

लेस्या : स्टेफाने?

ओरेस्ट : ती तेव्हा क्लबाची चिटणीस होती. यंत्राला घरून सूचना पाठवायची. लोक पाठवतात, ‘तापमान दोनने कमी’. स्टेफाला तसं जमत नाही, तुला ठाऊक आहे. ती लिहायची, यंत्रदादा, काल मुलींचे दगड मधेच अडकत होते, आज जरा कडक ठेवशील का, आणि परवा बिशप येणार आहेत तर त्या दिवशी आवाज कमी कर, आणि तुझी तब्येत...

जिनेट : आणि यंत्र गप्प व्हायचं. संदेश फार लांब झाला म्हणून!

ओरेस्ट : दर खेपेला. तिला वाटायचं, रागावलं. मला बोलावलं. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तिला तिच्या पद्धतीने लिहायला सांगितलं आणि काय होतं ते बघितलं. संदेश मोजूनमापूनच आत घ्यायचा, जास्तीचा टाकून द्यायचा, एवढी एक ओळ मी प्रोग्रॅममध्ये घातली. दुपार झाली होती. तिने वाढलं. मी जेवलो. एवढंच.

लेस्या : एवढंच नाही. ‘अप्रतिम’.

ओरेस्ट : लेस्या, ते माझ्याशिवाय कुणी वाचणारच नव्हतं.

जिनेट : मिस्टर मेल्निचुक, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मला दुसऱ्या कुणाची साक्ष लागेल. ज्याने प्रोग्रॅम केला त्याच्या एकट्याच्या शब्दावर मी यंत्र सुरक्षित म्हणून लिहू शकत नाही. मिस पिधिर्नींना विचारू का?

लेस्या : तिला विचारायचं नाही. ती खांदा चोळत घरी बसलीय, रिंक बंद झाली तर तिचा चषक आणखी वर्षभर तिच्याकडेच राहील. आणि ती थोडक्यात उत्तर देणार नाही. तुझी संध्याकाळ तिच्या पहिल्या वाक्यातच संपेल.

जिनेट : मग?

ओरेस्ट : मग राहू दे. लेस्या, तुला नको असेल तर राहू दे. म्हण की शेपू तू कधीमधी घालायचीस. मी नाही म्हणणार नाही. कुणाला काही कळणार नाही.

लेस्या : मग ते पेरोगी कधीचेही होतील.

ओरेस्ट : हो.

लेस्या : आणि बर्फ वितळेल.

ओरेस्ट : हो.

जिनेट : मी थांबते. सावकाश ठरवा. डग खुर्ची आणतोय.

लेस्या : बाळ, लिहून घे. माझ्या बहिणीचा गुडघा बदलला तेव्हा मी तिच्याकडे ब्रँडनला गेले होते. लग्नानंतर घर सोडून राहिले ते तेवढंच. जाण्याआधी फ्रीजरमध्ये कोबीचे रोल करून ठेवले होते. तिथे असताना याचा फोन आला. म्हणाला, मोठी चूक सापडली, लांब संदेश आला की यंत्र मरत होतं, दुरुस्त केलं. मी विचारलं, जेवलास का? म्हणाला, रोल अजून काढले नाहीत, उद्या काढीन.

जिनेट : म्हणजे आधी दुरुस्ती, मग रोल.

लेस्या : आणि दुरुस्तीच्या दिवशी दुसरंच काहीतरी. मी विचारलं नाही, काय जेवलास. ऑपरेशनच्या गडबडीत राहून गेलं. एरवी हा कामावर जाताना डबा घरूनच नेतो, आणि शेपू माझ्या घरात ना त्याआधी आला, ना त्यानंतर. तेव्हा शेपू म्हणजे तोच दिवस. ही माझी साक्ष. माझं नाव लिही. सही हवी असेल तर उद्या सामन्याआधी घे, सामन्यानंतर मी कुठल्या अवस्थेत असेन सांगता येत नाही.

जिनेट : मिसेस मेल्निचुक, एवढी स्वच्छ साक्ष मी आजवर लिहिलेली नाही. डग, यंत्र चालू राहू दे! ...तो रडतोय बहुतेक. की अमोनिया आहे. नाही, रडतोय.

ओरेस्ट : लेस्या...

लेस्या : तुझ्याशी नंतर. बाळ, आता हे तू कुठे लिहिणार?

जिनेट : सूचनापत्रात. सगळ्या रिंकांना जाईल, उद्या सकाळी. मसुदा वाचून दाखवते. ‘व्हर्जन ५.३. बाधित : शेपूच्या पेरोगींच्या आधीची सर्व. यांत अंड्याचं सँडविच, बीटाचं सूप...’

ओरेस्ट : मटाराचं सूप. मासे, शुक्रवारचे. टर्कीचं उरलेलं.

जिनेट : ‘...मटाराचं सूप, मासे, टर्की, आणि बटाटा-चीजचे पेरोगी.’

लेस्या : माझे पेरोगी बाधित?

जिनेट : ते दुरुस्तीच्या आधीचेही असू शकतात ना. खात्री नसेल तर बाधितच धरायचं, असा नियम आहे.

लेस्या : आणि तिचे सुरक्षित. सगळ्या रिंकांच्या भिंतीवर. सरकारी शिक्क्यासकट.

जिनेट : ‘सुरक्षित : “पेरोगी, शेपू घातलेले, अप्रतिम” आणि त्यानंतरची सर्व.’

लेस्या : ‘अप्रतिम’ गाळ.

जिनेट : मला गाळता येत नाही. पडद्यावर दिसेल तसंच लिहावं लागतं. नाहीतर एखादा क्लब म्हणेल, आमच्याकडे एक शब्द जास्त आहे, म्हणजे हे वेगळं.

लेस्या : ओरेस्ट, तू नुसता खुब्यापुरता नव्हे, डोक्यापर्यंत नवा व्हायला हवा होतास.

जिनेट : शेवटचं एक. बाधित क्लबांना कुठलं व्हर्जन बसवा म्हणून सांगू? तुमच्याकडे जे शेवटचं आहे ते. त्याची खूण काय?

ओरेस्ट : टोस्ट. त्या दिवशी ताप होता.

जिनेट : ‘सर्व क्लबांनी तातडीने टोस्ट बसवावा.’

लेस्या : अजिबात नाही! साऱ्या प्रांतात जाहीर करणार की स्टेफाकडे अप्रतिम पेरोगी आणि माझ्याकडे शेवटी टोस्ट? नवं व्हर्जन कर. आज. या टेबलावर बसून.

ओरेस्ट : अगं, बदलायला काही नाही त्यात.

जिनेट : खरं तर आहे. संदेश आणखी कुठल्या वाटेने आत येत असेल तर तिथेही लांबी मोजली जाते का, ते तपासून द्याल तर मला हवंच आहे. सकाळपर्यंत जमेल?

लेस्या : जमेल. जिना उतरायची बंदी आहे त्याला, जातो कुठे.

जिनेट : मग त्याची खूण काय लिहू?

लेस्या : अजून जेवला कुठे आहे तो? सकाळी फोन कर.

जिनेट : करते. आणि उद्यासाठी शुभेच्छा, मिसेस मेल्निचुक. मी इथेच आहे, सामना बघून जाईन. डगने हॉटडॉगचं कबूल केलंय.

(फोन बंद होतो. पेल्यांचा, मग पिठाच्या डब्याचा आवाज.)

ओरेस्ट : लेस्या, एक दुपार होती फक्त. बाकी काही नव्हतं.

लेस्या : ते मला माहीत आहे. तू तेवढा हुशार नाहीस.

ओरेस्ट : मग रागावलीस कशाला?

लेस्या : माझ्या एवढ्या गुरुवारांत त्या पडद्यावर एकदाही काही जास्तीचं लिहिलं नाहीस.

ओरेस्ट : रोजचं कोण लिहितं गं? रोजचं धरूनच चालतो माणूस.

लेस्या : हं. लॅपटॉप सरकव जरा, पीठ सांडेल त्यावर.

ओरेस्ट : आज गुरुवार नाहीये.

लेस्या : माहितीये. ...ओरेस्ट.

ओरेस्ट : हं?

लेस्या : किती घालते ती शेपू?